उशिरा पिकणारे लेकरू : संत झेली मार्टिन आणि तिची लेओनी



दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई आणि संत झेली मार्टिन या दांपत्याचे स्मरण करते. बाळ येशूच्या संत तेरेजाचे हे आईवडील. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये या दोघांना एकाच वेळी संतपद बहाल केले. पतिपत्नीला जोडीने संत म्हणून घोषित करण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग होता. संत तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. परंतु तिच्या आईला जिवंतपणी जिची काळजी सर्वांत जास्त लागून राहिली, ती मुलगी तेरेजा नव्हे. ती होती लेओनी.

या दोघींची कथा या रविवारी सांगण्यास कारण आहे. आम्ही घरे आशीर्वादित करण्यासाठी फिरतो तेव्हा काही घरांत एक दार लोटलेले असते. त्या दाराआड एक लेकरू असते. कुणाला फिट येतात, कुणाला सिकलसेलच्या वेदनांनी अंथरूण सुटत नाही, कुणी बोलत नाही, कुणी अचानक किंचाळते, भांडी फेकते. काही लेकरांच्या वाट्याला यातले दोन-तीन त्रास एकदमच आलेले असतात. आईवडील हळू आवाजात बोलतात आणि त्या लेकराला मिस्साला का आणत नाही, हे विचारले की मान खाली घालतात. झेलीची ही कथा आधी त्या आईवडिलांसाठी आहे, आणि मग आपल्या सर्वांसाठी.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील एका लहान गावात झाला. वडील पोलीस शिपाई, त्याआधी सैनिक. आई श्रद्धावान, पण फार कडक. त्या घरात शिस्त होती, माया मात्र बेताची होती. झेलीला लहानपणी डोकेदुखीचा त्रास असे. आपले बालपण उदासवाणे गेले, हे तिने पुढे पत्रांतून स्वतःच लिहून ठेवले आहे. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, म्हणूनच तिच्या घरातील गोष्टी आपल्याला इतक्या तपशिलाने कळतात.

तरुणपणी तिला धर्मभगिनी व्हायचे होते. आलाँसाँ या शहरातील मठाच्या प्रमुख सिस्टरांनी तिला घेतले नाही. मग ती त्या शहराची प्रसिद्ध कला शिकली. आलाँसाँची लेस केवळ सुई आणि दोऱ्याने विणली जाते. एक चौरस सेंटिमीटर विणायला कित्येक तास लागतात. आपल्या मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे कापड विणणाऱ्यांना हाताच्या अशा कामाचे मोल वेगळे सांगायला नको. झेलीने स्वतःचा व्यवसाय उभा केला. बाया आपापल्या घरी लेसचे तुकडे विणीत आणि तिला आणून देत. ते तुकडे जोड दिसणार नाही असे सांधण्याचे अवघड काम ती स्वतः करी.

१३ जुलै १८५८ रोजी तिचा विवाह लुई मार्टिन या घड्याळजीशी झाला. तोही कधीकाळी मठात जाऊ इच्छिणारा, शांत स्वभावाचा माणूस होता. पुढे पत्नीच्या कामाचा व्याप वाढला तेव्हा १८७० मध्ये त्याने आपले दुकान सोडून दिले आणि तिच्या व्यवसायाला हातभार लावला.

त्यांना नऊ मुले झाली. चार गेली. दोन मुलगे वर्षाचे होण्याच्या आत गेले. एक मुलगी दोन महिन्यांची असताना गेली, तर हेलेन नावाची मुलगी पाच वर्षांची होऊन फेब्रुवारी १८७० मध्ये गेली. उरल्या पाच मुली : मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि तेरेजा.

लेओनीचा जन्म ३ जून १८६३ चा. ती जन्मापासूनच अशक्त होती. पहिल्या दीड वर्षात तिला डांग्या खोकला झाला, मग गोवर आला, त्यात झटके आले. कित्येक महिने ती जगते की जाते अशी अवस्था होती. लुई तिच्यासाठी पायी यात्रा करून आला. मूल वाचले, पण आजाराने पाठ सोडली नाही. अंगावर इसब उठे, ते वर्षानुवर्षे बरे झाले नाही. खाज, जखमा, अपुरी झोप यांनी लेकरू चिडचिडे झाले. वाढ मंद, शिकण्यात मागे. बहिणी एकदा सांगितलेले उचलीत, हिला दहादा सांगूनही उमगत नसे. शिवाय हट्ट, आदळआपट, मध्येच येणारा संताप. सांगितलेले ऐकायचे नाही, असा जणू तिचा नेमच होता.

आजच्या डॉक्टरांनी तिच्या स्थितीला कोणते नाव दिले असते, या चर्चेत आम्ही शिरत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या मुलीला तपासता येत नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या घरात तिची जागाही अवघड होती. मारी आणि पोलीन या दोघी मोठ्या, त्यांची जोडी. सेलीन आणि तेरेजा या धाकट्या, त्यांची जोडी. लेओनीची जोडीदार होती हेलेन. हेलेन गेली तेव्हा लेओनी साडेसहा वर्षांची होती. तेव्हापासून ती चार बहिणींच्या मध्ये एकटी राहिली. मोठी माणसे आपले दुःख बोलून दाखवतात. लहान मूल ते वागण्यातून दाखवते, आणि आपण त्या वागण्यालाच दोष समजतो.

झेलीने उपाय करायचे बाकी ठेवले नाही. तिची सख्खी बहीण ल माँ या शहरातील व्हिजिटेशन मठात धर्मभगिनी होती. मठाची शाळा होती आणि मारी-पोलीन तिथेच चांगल्या शिकत होत्या. लेओनीलाही तिथे पाठवले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. सख्खी मावशी सांभाळायला असूनही शाळेने तिला परत धाडले. १८७४ मध्ये ती अशी घरी आली तेव्हा झेलीच्या मनाला मोठा धक्का बसला. शाळेतून मुलाचे नाव काढायला सांगितले जाते, तेव्हा घराकडे परतताना आईबापाचे पाय किती जड होतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच ठाऊक.

येथे आपल्या महाराष्ट्रातील एका आईची आठवण होते. मुंबईच्या जय वकील या पारशी बाईंच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा नव्हती. तेव्हा त्यांनी १९४४ मध्ये स्वतःच अशा मुलांची शाळा सुरू केली. ती संस्था आजही चालू आहे. झेलीच्या काळी अशी वाटच नव्हती. तिच्याजवळ होते ते घर, प्रार्थना आणि चिकाटी.

ती खचत नव्हती असे मात्र समजू नये. भावाला आणि भावजयीला लिहिलेल्या पत्रांत तिने या मुलीविषयीची निराशा लपवलेली नाही. कधी तिला वाटे की काहीच उपयोग होत नाही. कधी दोन दिवस मुलगी चांगली वागली की आशा पालवत असे, तिसऱ्या दिवशी ती मावळे. आपल्या सांत्वनासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. संतपद मिळालेली आईसुद्धा थकत होती, कंटाळत होती, रडत होती. थकणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे. सेमिनरीत आम्हाला शिकवले गेले, आणि संत थॉमस अक्वायनस यांचीही हीच शिकवण आहे, की प्रेमाचे मूळ भावनेच्या भरात नसून दुसऱ्याचे भले इच्छिण्यात आहे. भावना दिवसातून दहादा बदलते. भले इच्छिणे मात्र रोज सकाळी उठून पुन्हा करता येते. झेलीने ते चौदा वर्षे केले.

आता या कथेतील सर्वांत कठीण भाग. घरात एक मोलकरीण होती. बरीच वर्षे कामाला होती, झेलीला ती विश्वासाची वाटे. मार्च १८७७ मध्ये थोरल्या मारीच्या लक्षात एक भयंकर प्रकार आला. ती बाई लेओनीला धाकात ठेवीत होती. आईचे ऐकायचे नाही, माझेच ऐकायचे, आणि यातले काही घरात सांगितलेस तर याद राख, अशी तिची दहशत होती. लेओनी आईपासून दूर दूर राही, बोलावले तर येत नसे, त्यामागे हे होते. ज्याला सारे घर हट्ट समजत होते, ती पुष्कळ अंशी भीती होती.

झेलीला हे कळले तेव्हा तिचे काळीज फाटले. तिने लेओनीला त्या बाईच्या ताब्यातून सोडवले आणि स्वतःजवळ घेतले. आणि काय घडले? तीच मुलगी आईला सोडीना. ती आईच्या मागे मागे राहू लागली, तिचे ऐकू लागली. वर्षानुवर्षांच्या रागावण्याने जे झाले नव्हते, ते भीतीचे कारण दूर होताच काही आठवड्यांत दिसू लागले. तिचे सगळे आजार आणि अडचणी संपल्या, असे नाही. परंतु आई आणि लेक एकमेकींना सापडल्या.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्गातच शिकवतात की दिसते ते कार्य, आणि प्रत्येक कार्यामागे कारण असते. डोकेदुखीच्या बाबतीत आपण हे मानतो. लेकराच्या वागण्याच्या बाबतीत मात्र विसरतो. मूल ऐकत नाही, एवढे पाहून आपण हात उगारतो, किंवा त्याला कुणाची नजर लागली म्हणून झाडफूक करायला नेतो. ज्या मुलाला नीट सांगता येत नाही, त्याचे अंग दुखत असेल, त्याला ऐकू कमी येत असेल, त्याला कुणी मारत असेल, कुणी नको तिथे हात लावत असेल. असे मूल सांगू शकत नाही, म्हणूनच दुष्ट माणूस त्याला निवडतो. तेव्हा लेकरू एकाएकी बदलले, एखाद्या माणसाला पाहून आक्रसले, तर आधी त्याला ओरडू नका, आजूबाजूला पाहा. ती व्यक्ती घरची असो, शेजारची असो, शाळेतली असो वा चर्चशी संबंधित असो, गप्प बसू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे.

झेलीला लेक सापडली, पण तिच्याजवळ वेळ उरला नव्हता. तिच्या छातीत गाठ होती. त्रास पुष्कळ वर्षांपासून होता. डिसेंबर १८७६ मध्ये डॉक्टरांनी सांगितले की आता शस्त्रक्रियेचाही उपयोग नाही. स्वतःच्या मरणापेक्षा तिला एकच प्रश्न छळत होता : माझ्यामागे लेओनीला कोण पाहील? धाकट्या तेरेजावर सारे माया करतात, हिच्यावर कोण करील? जून १८७७ मध्ये मारी, पोलीन आणि लेओनी या तिघींना घेऊन ती लूर्दला गेली. प्रवास अतिशय त्रासाचा झाला. तिने स्वतःसाठी मागितले आणि लेओनीसाठीही मागितले. गाठ बरी झाली नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, झेली देवाघरी गेली. लेओनी तेव्हा चौदा वर्षांची होती.

म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत काही फळ आले का? अगदी थोडे. तिने पाहिली ती शेवटच्या पाच-सहा महिन्यांतली पालवी. पुढचे तिने पाहिले नाही. ते आपण पाहू या.

आई गेल्यावर लुई मुलींना घेऊन लिझ्यू या गावी राहायला गेला. तेथे बहिणींनी लेओनीला धरून ठेवले. १८८४ मध्ये तेरेजाच्या दृढीकरण संस्काराच्या वेळी तिची धर्ममाता म्हणून उभी राहिली ती लेओनीच. मग घरावर दुसरे संकट आले. लुईला पक्षाघाताचे झटके आले, स्मृती ढळली, भ्रम होऊ लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्याला काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तो तेथे तीन वर्षांहून अधिक काळ होता. आपल्याकडे कुणाला नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यावे लागले की गावात कुजबुज होते, तशी तेव्हा तिथेही झाली. वडिलांच्या जवळ राहण्यासाठी त्या शहरात खोली घेऊन राहिल्या त्या दोन मुली : सेलीन आणि लेओनी. जिला कोण सांभाळील अशी चिंता होती, ती आता सांभाळणाऱ्यांत होती.

लेओनीच्या मनात लहानपणापासून धर्मभगिनी व्हायचे होते. तिने १८८६ मध्ये पहिला प्रयत्न केला, गरीब क्लाराच्या भगिनींकडे. दोन महिन्यांत प्रकृती ढासळली, ती परत आली. १८८७ मध्ये काँ येथील व्हिजिटेशन मठात गेली, सहा महिन्यांनी परत आली. १८९३ मध्ये पुन्हा तिथेच गेली, दोन वर्षांनी परत आली. तीनदा अपयश. १८९७ मध्ये तेरेजा वारली. जानेवारी १८९९ मध्ये, पस्तीस वर्षांची असताना, लेओनी चौथ्यांदा त्याच मठाच्या दारात उभी राहिली. या वेळी ती राहिली. सिस्टर फ्रान्सिस-तेरेजा हे नाव घेऊन तिने बेचाळीस वर्षे तिथे साधी कामे केली आणि जून १९४१ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी तिचे निधन झाले. २०१५ मध्ये, तिच्या आईवडिलांना संतपद मिळाले त्याच वर्षी, तिला संत घोषित करण्याच्या प्रक्रियेला सुरुवात झाली.

व्हिजिटेशन संघाची स्थापना १६१० मध्ये संत फ्रान्सिस डी सेल्स आणि संत जेन डी शांताल यांनी केली. कडक तपश्चर्या न झेपणाऱ्या, प्रकृतीने नाजूक अशा स्त्रियांनाही समर्पित जीवन जगता यावे, हा त्यांचा एक हेतू होता. आपण नागपूर महाधर्मप्रांताची लेकरे. आपल्या कॅथेड्रलचे नावच संत फ्रान्सिस डी सेल्स. त्यांच्या नावाच्या संस्थेतील धर्मगुरूंनी या भागात सुवार्तेची पेरणी केली. ज्या संताने दुर्बळांसाठी दार रुंद केले, त्याच्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये दुर्बळ लेकराला जागा नसावी, हे शोभणारे नाही.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी त्याला मिस्साला आणावे. ते ओरडले, उठून फिरले, तरी चालेल. आम्ही प्रवचन क्षणभर थांबवू, त्याने बिघडत काही नाही. शेजारच्या बाकावरील मंडळींनी वळून पाहू नये. आईचे हात भरलेले असतील तर तिची पिशवी धरावी. कोणाच्या पापाची ही शिक्षा, असा विचार मनातही आणू नये. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभू येशूने तो फेटाळला होता.

कायद्याने दिलेला आधारही घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मोजल्या आहेत. त्यांत बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, मानसिक आजार आहेत आणि आपल्या विदर्भात पुष्कळ आढळणारा सिकलसेलही आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी होते. कागदपत्रे भरायला जमत नसेल तर आमच्याकडे या, धर्मग्रामातील शिकलेली मुले मदत करतील. मनाच्या त्रासासाठी, मुलाच्या असो वा आईच्या स्वतःच्या, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आणि माझ्यामागे कोण, या झेलीच्या प्रश्नाला आज थोडे उत्तर आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक वा बहुविध दिव्यांगता असलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून देता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. परंतु पालक व्हायला माणूस लागतो. लेओनीला बहिणी होत्या. आपल्या धर्मग्रामातील लेकरांना आपण असू का, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

आपल्याकडे धान हलकेही असते आणि भारीही असते. हलके लवकर निसवते, भारीला वेळ लागतो. शेजारची बांधी पिवळी झाली म्हणून कोणताही शेतकरी आपले भारी धान हिरवे असताना कापीत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि वाट पाहतो. झेलीने पाणी धरून ठेवले. कापणी तिच्या डोळ्यांनी दिसली नाही, तरी ती झाली. दाराआड बसलेल्या आपल्या प्रत्येक आईबापाला संत लुई आणि संत झेली यांच्या मध्यस्थीने हे बळ मिळो, आणि ते दार उघडायला आपले हात पुढे येवोत, ही प्रार्थना.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू